पाचवा वाफा

मेथीचा वास बोटांवरून लवकर जात नाही. साबण लावा, राख लावा, विहिरीच्या दगडावर बोटं घासा. वरवरचा हिरवा रंग उतरतो, पण नखांच्या कडेला तो कडसर, ओलसर, थोडा पानांचा आणि थोडा मातीचा वास दिवसभर दबा धरून बसतो. सोमवारी सकाळी बुलढाण्याच्या कॉलेजात मागच्या बाकावर मी हातावर हनुवटी टेकते, आणि तो हळूच वर येतो. समोर फळ्यावर काहीतरी लिहिलं जात असतं, खिडकीतून गार हवा येत असते. मी मात्र तेवढ्या क्षणापुरती सुलतानपूरला, आमच्या विहिरीजवळ, वाफ्याच्या बांधावर उकिडवी बसलेली असते. चिखलीचा थांबा, मेहकरला बदलायची एसटी, मांडीवरची पिशवी सांभाळत काढलेला तो सगळा रस्ता एका वासात कसा मावतो कोण जाणे!

बुलढाण्यात मी आणि प्रणाली एका भाड्याच्या खोलीत राहतो. प्रणाली मलकापूरची, तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे आणि बोलण्यात ती कुणाची उधारी ठेवत नाही. माझी पिशवी खोलीत आली की ती नाक वर करून म्हणते, "आली वं भाजीमंडी! तुह्या पुस्तकाले फोडणी दिली त जेवण होऊन जाईन आपलं." मी हसते. तीही हसते. मग तीच मेथी निवडायला बसते, आणि काड्या कुठे टाकायच्या म्हणून माझ्या टेबलावरचा जुना पेपर ओढते. हे सगळं मागच्या वर्षापर्यंत किती साधं होतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. साधेपणा असतो तेव्हा तो दिसत नाही, एवढं आता कळतं.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. हे वाक्य मी अभिमानाने लिहायला घेते आणि लिहिता लिहिता जरा संकोचते. कारण पहिलं असणं म्हणजे विचारायला कुणी नसणं. अभ्यास किती करायचा, कधी करायचा, सेमिनार म्हणजे काय, असाइनमेंट उशिरा दिली तर काय होतं, हे घरी कुणाला ठाऊक असणार? बाबा सातवीपर्यंत शिकले होते, माय चौथीपर्यंत. बाबांची पालेभाजीची शेती. शेती म्हणजे विहिरीच्या पाण्यावर भिजणारे लांबट पाच वाफे, कडेला थोडा सांबार, ज्याला इकडे बुलढाण्यात दुकानदार कोथिंबीर म्हणतात, आणि बांधावर पाच-सहा अंबाडीची झाडं. त्या अंबाडीची साल सोलून तिच्या दोऱ्यांनी बाबा मेथीच्या जुड्या बांधत. आठवडी बाजारात आमच्या जुड्या लांबूनही ओळखू येत. जुडीच्या कमरेला तो पिवळट दोरा असे, आणि बाबांची गाठ अशी की ओढली की सुटे, ओढली नाही तर दिवसभर हलत नसे.

त्या पाच वाफ्यांविषयी मला तुम्हाला नीट सांगायचं आहे. तुम्ही कधी हिवाळ्यात विहिरीच्या काठावर उभं राहून ते पाहिले असते, तर पाच वाफे पाच रंगांचे दिसले असते. एक गर्द हिरवा, उपटायला आलेला. दुसरा त्याहून थोडा फिका. तिसरा पोपटी, अजून पानं उघडत असलेला. चौथा नुसता काळ्या मातीवर सांडलेल्या हिरव्या चुऱ्यासारखा. आणि पाचवा रिकामा. दर आठवड्याला बाजाराच्या आदल्या दिवशी एक वाफा उपटला जाई, आणि बाजार करून आल्यावर आधीच्या रिकाम्या वाफ्यात नवं बी पडे. जो उपटला तो लगेच पेरायचा नाही. त्याची माती हलवायची, उन्हात तशीच पडू द्यायची, शेणखत घालायचं, आणि एक आठवडा त्याच्याकडे पाहायचंसुद्धा नाही. आठवडे पुढे सरकत तसे रंग एकेका वाफ्याने पुढे सरकत. रिकामेपणही फिरत राही. आज विहिरीजवळ, पुढच्या आठवड्यात अंबाडीजवळ.

लहानपणी मला तो रिकामा वाफा फुकट गेल्यासारखा वाटे. एकदा मी विचारलं होतं, "बाबा, हा काऊन तसाच पडू देता? यातही मेथी होईन ना."

बाबा तेव्हा दोरे सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "टेकू दे ना वं त्याले थोडं. माणूस टेकते, बैल टेकते. जमिनीनंच काय पाप केलं?"

मला ते उत्तर पटलं नव्हतं. बाबांना कामाचा कंटाळा आला असावा असं वाटलं होतं, एवढंच.

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी बाबांचा फोन येई. मी बुलढाण्याला आल्यापासूनचा तो नेम होता. पोतं झटकून झालं, तराजू पिशवीत गेला, हातात चहाचा कप आला, की फोन. मागे गर्दीचा आवाज, कुणीतरी भाव ओरडतंय, आणि बाबा विचारत, "झाला का तुहा पेपर?" पेपर असो नसो, प्रश्न हाच. मी म्हणे, "झाला. तुमची मेथी गेली का?" ते म्हणत, "गेली." बस. थोडा वेळ दोघं गप्प राहत असू, मग ते म्हणत, "बरं, ठेवतो." इतकं कमी बोलूनही मी त्या रात्री निवांत झोपे. का, ते सांगता येत नाही. आपलं माणूस आपल्या कामावरून मोकळं झालं आहे आणि आपणही झालो आहोत, एवढी खबर कदाचित झोपेला पुरत असावी.

हिवाळा सुरू होता होता बाबा गेले. सकाळी विहिरीवर मोटार सुरू करायला गेले, छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. याहून अधिक मला लिहिता येणार नाही. मी घरी पोचले तेव्हा अंगणात माणसं होती, आणि मायच्या शेजारी शेजारच्या बाया बसलेल्या होत्या. मला आठवतं ते एवढंच की मायचे हात मांडीवर उताणे पडले होते. तिचे हात रिकामे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

आणि मग ती गोष्ट घडली, जिच्यासाठी मला अजून शब्द सापडत नाही. बाबा गेले, पण वाफे येत राहिले. त्याच आठवड्यात एक वाफा उपटायला आला. घरात सुतक, चुलत काकांचं शेत आमच्या बांधाला लागून आहे, त्यांनी तो उपटून बाजारात नेला. पुढच्या आठवड्यात दुसरा तयार झाला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरा. माणूस नाही आणि त्याने पेरलेलं एकामागून एक हिरवं होऊन पुढे येतंय, जणू जाताना चार आठवड्यांची बेगमी करून ठेवली होती! बी टाकताना त्यांच्या मनात यातलं काय असणार? काहीच नाही. ते नेहमीसारखं पेरून घरी आले होते. तरीही मला वाटे, ते अजून विहिरीवरच आहेत. फक्त आपली वेळ चुकते आणि भेट होत नाही.

तेराव्यानंतर घरात बैठक झाली. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. काका वाईट माणूस नाहीत, पण सरळ बोलतात. म्हणाले, "वहिनी एकटी कुठवर ओढीन? पोरीनं एक त घरी यावं, नाहीत वाफे मले बटाईनं द्या, अर्धा वाटा तुमचा. दोन्ही डगरींवर हात ठेवनं जमत नसते."

मीच बोलले. म्हणाले, "मी दोन्ही करीन. दर शनिवारी येईन, रविवारी वाफ्याचं करीन, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जाईन. परीक्षाही देईन."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "बोलनं सोपं असते बाई," एवढंच म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, कीव होती, आणि कीव टोमण्याहून जास्त लागते.

अशा रीतीने मी माझ्या आयुष्याला शिस्त लावायला निघाले. तुम्ही हसाल कदाचित. पण मला खरोखर वाटत होतं की कॉलेज आणि वाफे या दोन्हींच्या मध्ये उभा आहे तो फक्त वेळ. वेळ नीट मांडला की सगळं मावेल. मी फोनवर वेळेचं नियोजन शिकवणारे व्हिडिओ पाहायला लागले. इस्त्रीचे शर्ट घातलेली माणसं स्वच्छ टेबलामागे बसून सांगत, डोक्यात काही ठेवू नका, कागदावर उतरवा. दिवसाची महत्त्वाची तीन कामं आधी ठरवा. सारखी कामं एकत्र उरका. ते खोटं सांगत नव्हते. मी प्रामाणिकपणे ऐकलं. प्रणालीच्या दुकानातून आलेल्या साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर रेघा ओढून सात दिवस आखले, आणि कामांच्या चिठ्ठ्या टाचण्यांनी लावल्या. अभ्यासाच्या पांढऱ्या, घरच्या पिवळ्या. झालेलं काम काढून टाकायचं, राहिलेलं पुढच्या दिवसात सरकवायचं. सोमवारी एसटीत बसल्यावर पुढचा आठवडा मनात मांडायचा. इतकी साधी रीत होती ती, आणि खरं सांगते, ती चालली. असाइनमेंट वेळेवर जाऊ लागल्या. मायच्या गोळ्या, विजेचं बिल, मोटारीचा फ्यूज, काही विसरलं जाईना. मनाच्या अंधारात जे राक्षसाएवढं दिसतं ते चिठ्ठीवर दोन शब्दांचं होतं, ही गोष्ट मला त्या पुठ्ठ्याने शिकवली, आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

फक्त एक झालं. मी त्यात मोकळी जागा ठेवली नाही. एखाद्या दिवशी तासभर उरला की मी तिथे चिठ्ठी लावी. जेवताना इंग्रजीचे शब्द, कपडे धुताना मोबाईलवर व्याख्यान. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी, ज्या वेळेला फोन येत असे त्या वेळेला, मी मुद्दाम सर्वांत अवघड विषय लावला. प्रणाली एक दिवस पुठ्ठ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सगळं दिसून राह्यलं बे," ती म्हणाली, "श्वास घ्यायचा टाईम कुठी लावला, तेवढा दाखव."

"तो मधे मधे घेते मी," मी म्हणाले.

तिला हसू आलं नाही. ती बाहेर गेली आणि दोन कप चहा घेऊन आली. मी माझा कप पुस्तकाजवळ ठेवला, आणि तो तिथेच गार झाला.

बाबांनी पेरलेला शेवटचा वाफा उपटायला आला तेव्हा मी घरीच होते. विहिरीजवळचा. थंडी चांगली होती आणि पानांवर दव होतं. माय एका टोकाला बसली, मी दुसऱ्या. मेथी मुळासकट उपटायची असते. ओल्या मातीतून मुळं सुटताना बारीक आवाज होतो, कुणी दातांनी धागा तोडावा तसा. आम्ही दोघी दोन टोकांकडून एकमेकींकडे सरकत गेलो. मधे हातभर हिरवं उरलं, तेव्हा माय थांबली. मी थांबले. मग तिने ते उरलेलं स्वतःच उपटलं, एकेक रोप, आणि त्याची वेगळी जुडी बांधली. ती बाजाराच्या पोत्यात गेली नाही. संध्याकाळी तिने तिची भाजी केली.

पुढच्या रविवारी सकाळी मी विहिरीच्या काठावर उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा पाचही वाफे एकाच रंगाचे पाहिले. सगळीकडे काळी माती. मधल्या त्या आठवड्यांत आमच्यापैकी कुणीच नवं पेरलं नव्हतं. माय विहिरीकडे फिरकत नव्हती आणि माझे रविवार उपटण्यात, बाजाराची तयारी करण्यात संपले होते. मी घरातून बियाण्याचं गाठोडं आणलं. मी मायला म्हणाले, "आज सगळेच पेरून टाकू. सारखं काम एकदाच झालेलं बरं. दर आठवड्याला पुन्हा तेच कायले?"

माय क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "चाल."

आम्ही दिवसभर राबलो. खत, फावडं, बी, पाणी. माय बी फेकत होती. तिच्या मुठीतून ते बोटांच्या फटीतून असं सारखं पडत होतं की पाहत राहावं. संध्याकाळी पाचही वाफे भिजून चमकत होते. खोलीवर परतल्यावर मी पुठ्ठ्यावर रविवारच्या रकान्यात एकावर एक टाचलेल्या, पुढच्या पाच आठवड्यांच्या पिवळ्या चिठ्ठ्या एका झटक्यात काढून टाकल्या. केवढं समाधान वाटलं! पाच आठवड्यांचं काम एका दिवसात! त्या रिकाम्या झालेल्या जागांवर मी लगेच पांढऱ्या चिठ्ठ्या लावल्या.

पुढे काय झालं असेल ते पालेभाजी पिकवणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही. पाचही वाफे एकाच दिवशी हिरवे झाले, एकाच दिवशी गर्द झाले, एकाच बाजाराला उपटायला आले. दोघींनी मिळून एक वाफा उपटला, दुसरा अर्धा झाला, तोवर अंधार पडला. बाजारात त्या दिवशी सगळीकडेच मेथी होती. आमच्या जुड्या दुपारपर्यंत माना टाकून बसल्या. माय त्यांच्यावर पाणी शिंपडत राहिली. एक ओळखीची बाई थांबली आणि म्हणाली, "वहिनी, आज त दुकानच लावलं तुम्ही मेथीचं! मागच्या महिन्यात कुठी होत्या?" माय हसली. उरलेली मेथी पुढच्या आठवड्यात जून झाली, तिच्यात फुलं आली. काकांच्या शेळ्यांनी ती खाल्ली. आणि नंतरचे कितीतरी बाजार आमची जागा रिकामी राहिली. तिथे एका प्लास्टिकच्या भांड्यांच्या माणसाने पाल ठोकलं.

शेळ्या ती मेथी खात होत्या त्या रविवारी मी अर्ध्या उपटलेल्या वाफ्याच्या बांधावर मायजवळ बसले होते, तेव्हा विचारलं, "माय, तुले माहीत होतं ना? सगळं एकदम येईन म्हणून?"

"हाव," माय म्हणाली. "एवढे वर्ष काय डोळे मिटून पाणी देत होती का मी?"

"मग बोलली काऊन नाही?"

तिने पदराने हात पुसले. मग म्हणाली, "पयलं त वाटलं, तुले दर रयवारी धावत यायचं काम नाही राहनार. तुही परीक्षा होती." थोडं थांबून ती पुढे म्हणाली, आणि हे ती मला नाही, जमिनीलाच सांगत असावी, "अन् दुसरं म्हंजे, मले ते रिकामं पाह्यवत नव्हतं. एकबी वाफा रिकामा नको वाटे. पाची भरले त मले रातची झोप लागली, त्या दिवसापासून पयल्यांदा."

त्या क्षणी मला माझा पुठ्ठा आठवला. साडीच्या खोक्याचा, टाचण्यांनी गच्च भरलेला, ज्यात बाजाराच्या दिवशीच्या संध्याकाळी सर्वांत अवघड विषय लावलेला होता. मी काय करत होते इतके दिवस? कामं मांडत होते की भिंत बांधत होते? एका बाजूला माय वाफे भरत होती, दुसऱ्या बाजूला मी तास भरत होते. दोघींना एकच गोष्ट पाहायची नव्हती. आणि ती गोष्ट तर कुठेच जाणार नव्हती. आठवडे पुढे सरकले तशी तीही पुढे सरकत होती, विहिरीजवळून अंबाडीजवळ, अंबाडीजवळून पुन्हा विहिरीजवळ. रिकामा वाफा भरता येतो, मोडता येत नाही. तो पाचांतलाच एक असतो.

बाबा तो का पडू देत, याचं शेतीतलं कारण मला आता पुस्तकातूनही सांगता येईल. पण त्यांच्या त्या एका शब्दात, टेकू दे म्हणताना, जी माया होती ती पुस्तकात नाही. त्यांना कुणी कामसू माणूस म्हणून गौरवलं नाही, त्यांनी कधी दिवस आखला नाही. तरी दर आठवड्याला एक उपटायचा, एक पेरायचा, तीन नुसते वाढू द्यायचे आणि उपटलेला टेकू द्यायचा, एवढ्यावर त्यांचं आणि आमचं आयुष्य उभं होतं. मी त्यांच्याकडून हे शिकायला हवं होतं असं म्हणणार नाही. म्हटलं तर ते खोटं होईल. ते जिवंत असते तर मी कधीच शिकले नसते. मला ते फोनवर हवे होते, एवढंच. मागे बाजाराचा गलका, हातात चहा, आणि तो एकच प्रश्न.

मार्च जवळ आला तशी माय एक दिवस काकांच्या घरी स्वतः गेली. तीन वाफे तिने त्यांना बटाईने दिले. मला फोनवर कळलं. मी रागावले, रडले, म्हणाले, "मी करते म्हटलं होतं ना!" माय शांतपणे म्हणाली, "तू केलं ना वं पोरी. आता दोघींच्यानं होईन तेवढंच ठेवू. पाच वाफे पाह्यले त तुहे बाबा दिसते मले. दोन पाह्यले त आपन दोघी दिसतो."

दोन्ही डगरींवर हात ठेवणं जमलं नाही, काका खरे ठरले. पण पूर्ण खरे नाही ठरले. कॉलेज सुटलं नाही, आणि विहिरीजवळचे दोन वाफे सुटले नाहीत. बाबांचं ते पाच रंगांचं फिरतं हिरवेपण मात्र संपलं. आता काकांचे तीन वाफे एकाच रंगाचे असतात. त्यांना तशीच सवय आहे, ते मका लावतात. आमच्या दोनांतला एक हिरवा असतो, एक रिकामा. महिन्यातून एखाद्या वेळी माय बाजारात जाते. भांड्यांचा माणूस तिला आपल्या पालाच्या कडेला जागा देतो. जुड्या तीच बांधते, अंबाडीच्या दोऱ्याने. गाठ मात्र बाबांसारखी पडत नाही, ओढली की आवळते. बायका हसतात. माय म्हणते, "कापून घ्या वं, काय करता."

पुठ्ठाही मी लहान केला आहे. दिवसाला तीन चिठ्ठ्या, त्याहून जास्त नाहीत. उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी वाढू द्यायचं. आणि बाजाराच्या दिवशीची संध्याकाळ मी मोकळी सोडली आहे. प्रणालीने पहिल्या आठवड्यात विचारलं, "हे काऊन रिकामं? चिठ्ठी पडली का खाली?" मी म्हणाले, "नाही. तो वाफा टेकला आहे." आता त्या संध्याकाळी तीच दार ओढून घेते आणि कुणी हाक मारली तर बाहेरून सांगते, "आत नका जाऊ, काम चालू हाय तिचं." मी काही करत नसते. फोन समोर ठेवून बसते. तो वाजत नाही. पहिल्या एक-दोन वेळा मी फार रडले. आता कधी रडते, कधी नुसती बसते. थोडा वेळ गप्प राहायचं, मग मनात म्हणायचं, बरं, ठेवते. हे काम कोणत्याही चिठ्ठीवर मावलं नसतं, आणि याला जागा नव्हती म्हणूनच बाकीची सगळी कामं श्वास लागल्यासारखी धावत होती, असं मला वाटतं. नक्की माहीत नाही.

मागच्या रविवारी मी घरी होते. सकाळी आम्ही विहिरीजवळचा वाफा उपटला, दुपारी दुसऱ्यात बी टाकलं. मग माय उपटलेल्या वाफ्याच्या बांधावर टेकली, पाय पुढे सोडून, हात मांडीवर उताणे ठेवून. ऊन मातीवर पडलं होतं. मी फावडं उचललं, तशी ती म्हणाली, "राहू दे." मी फावडं खाली ठेवलं आणि तिच्याजवळ बसले. त्या काळ्या, हललेल्या, काहीच नसलेल्या पट्टीकडे आम्ही दोघी पाहत राहिलो. मायचे डोळे भरले. तिने ते पुसले नाहीत, आणि मीही नजर वळवली नाही.

सोमवारी पहाटेच्या एसटीत मला खिडकीजवळ जागा मिळाली. निघताना हात धुवायचे राहिले होते. मेहकर गेलं, चिखली गेली; काचेला डोकं टेकून मी बोटं नाकाजवळ नेली. तोच हिरवा, कडसर, मातीचा वास. पण आज तो नुसता मेथीचा नव्हता. त्यात उपटून झालेल्या जमिनीचाही वास होता, जो पूर्वी कधी वेगळा जाणवला नव्हता. दिवसभर तो राहील, संध्याकाळपर्यंत विरेल. मी हात मांडीवर ठेवले, उताणे, आणि तसेच राहू दिले.